तोंडाच्या कॅन्सरमध्ये नस शोधताना: एस-१०० स्टेन, ग्रॉसिंगच्या टेबलापासून रिपोर्टपर्यंत

काही वर्षांपूर्वी यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याच्या जबड्याचा नमुना माझ्याकडे आला. डाव्या गालातून खालच्या हिरडीवर उतरलेली गाठ, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्याची सवय वीसेक वर्षांची. फॉर्मवर फक्त निदान लिहिलेलं. मी स्लाइड पाहिल्या: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळ्या, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये काही नाही. ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन: नाही’, म्हणजे कॅन्सर नसेत किंवा नसेभोवती शिरलेला नाही, असं लिहून सही केली.

रिपोर्ट न्यायला पेशंट स्वतःच आला. बोलता बोलता म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आपरेशनच्या आधी दोन महिने हनुवटी मेल्यावाणी लागे. दाढी करताना ब्लेड लागलं तरी मले समजे नाही, रगत दिसलं की मंग समजे.”

मी तो रिपोर्ट त्याच्या हातातून परत मागून घेतला. हनुवटी बधिर म्हणजे मेंटल नर्व्ह, हनुवटीला संवेदना देणारी नस. आणि त्या नर्व्हच्या बाजूचा तुकडा मी ब्लॉकमध्ये (स्लाइड कापण्यासाठी मेणात बसवलेल्या तुकड्यांत) घेतलाच नव्हता. डब्यात उरलेल्या टिशूतून तो घेतला, एस-१०० (नस तपकिरी रंगवणारा अँटिबॉडीचा, म्हणजे इम्युनो स्टेन) लावला, तर तपकिरी नसेला तीन बाजूंनी निळ्या ट्युमर पेशींनी वेढलेलं होतं. सुधारलेला रिपोर्ट गेला, रेडिएशनचा निर्णय बदलला. पहिल्या रिपोर्टमधला ‘नाही’ हा शब्द खोटा होता, कारण मी शोधलंच नव्हतं.

हा लेख आपल्या भागातल्या लहान लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट, टेक्निशियन आणि ओरल पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नमुने भरपूर, साधनं मोजकी आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, या परिस्थितीत हे काम नीट कसं करायचं ते लिहितो.

नस म्हणजे नेमकं काय पाहतोय

आपल्याकडे ‘नस’ म्हटलं की लोकांना रक्ताची शीरही आठवते. इथे नस म्हणजे संवेदना वाहून नेणारी नर्व्ह. तिला तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेर एपिन्यूरियम, आत प्रत्येक जुडीभोवती पेरिन्यूरियम, आणि जुडीच्या आत तंतूंच्या मधलं एंडोन्यूरियम. कॅन्सरच्या पेशी नसेपर्यंत पोचल्या की त्या या आवरणांच्या आतून किंवा कडेकडेने पुढे सरकतात. कपाशीचं बोंड वरून धडधाकट दिसतं, फोडल्याशिवाय गुलाबी अळी कळत नाही, तसंच हे. सर्जनने डोळ्यांना दिसणारी गाठ काढली तरी नसेतून पुढे गेलेला कॅन्सर मागे राहू शकतो. गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरमध्ये इन्फिरिअर अल्व्हिओलर, मेंटल, बक्कल या नसा आणि जिभेच्या कॅन्सरमध्ये लिंग्वल नर्व्ह व स्नायूंमधल्या तिच्या बारीक फांद्या जास्त महत्त्वाच्या.

व्याख्या पक्की ठेवा. बत्साकिस यांनी १९८५ मध्ये सांगितलेली जुनी व्याख्या अशी: नसेच्या आत, भोवती आणि तिच्यातून आरपार गेलेल्या ट्युमर पेशी. २००९ मध्ये लीबिग आणि सहकाऱ्यांनी ती मोजता येईल अशी केली. ट्युमर पेशी तीनपैकी कोणत्याही आवरणाच्या आत असतील, किंवा ट्युमर नसेला लगटून तिच्या परिघाचा किमान ३३ टक्के भाग वेढत असेल, तर पेरिन्यूरल इन्व्हेजन आहे. ट्युमर नुसता एका बाजूने टेकलाय, एवढ्यावर ‘आहे’ लिहायचं नाही.

याचा उपचारावर परिणाम होतो म्हणून एवढी धडपड. कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कॅन्सरची टी-स्टेज मुख्यतः आकार आणि खोलीवर ठरते. पेरिन्यूरल इन्व्हेजनमुळे स्टेज वाढत नाही, पण ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं का, हे ठरवताना ती एक जोखीम म्हणून धरली जाते. लहान गाठ, नोड निगेटिव्ह, अशा पेशंटमध्ये कधी कधी सगळा निर्णय याच एका ओळीवर अडतो. रेडिएशन ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. मारेगाव किंवा एटापल्लीहून नागपूरला जाणाऱ्या माणसाचे त्यातले दोन आठवडे आपल्या लॅबमध्ये जायला नकोत.

सुरुवात फॉर्म आणि फॉर्मलिनपासून

फॉर्मवर तीन प्रश्न हाताने लिहून ठेवा, किंवा सर्जनला फोन करून विचारा: ओठ किंवा हनुवटी बधिर आहे का, मुंग्या येतात का, जीभ किंवा गाल चटकतो का. लोक ‘बधिर’ म्हणत नाहीत. ‘व्हट मेल्यावाणी लागते’, ‘मुंगा येते’ म्हणतात. नातेवाइकालाही विचारता येतं. याला दोन मिनिटं लागतात आणि कोणता तुकडा आधी कापायचा ते इथेच कळतं.

नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्येच यायला हवा. एक लिटरसाठी १०० मिली बाजारातलं फॉर्मलिन, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नमुन्याच्या किमान दहापट द्रव. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये आलेले नमुने मी अजूनही पाहतो. आपल्या उन्हाळ्यात सलाइनमधला नमुना एसटीने दोन तास प्रवास करून आला की आतली नस सडायला लागलेली असते. ज्या हॉस्पिटलमधून नमुने येतात तिथे बफर्ड फॉर्मलिनच्या भरलेल्या बाटल्या आपणच पाठवायच्या, हा त्यावरचा खात्रीचा उपाय. फिक्सेशन ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त शक्यतो नको. मोठा जबडा असेल तर मऊ भागाला समांतर काप देऊन फॉर्मलिन आत शिरू द्या.

बफर न घातलेलं फॉर्मलिन आम्लधर्मी होतं आणि रक्ताळलेल्या टिशूत काळपट तपकिरी कण पाडतं. हे फॉर्मलिन पिगमेंट पुढे डीएबीच्या (इम्युनो स्टेनमधल्या रंगद्रव्याच्या) तपकिरी रंगाशी गोंधळ घालतं. त्याबद्दल खाली पुन्हा येईन.

ग्रॉसिंग: खरा शोध इथेच

स्टेनचं कौतुक सगळे करतात, पण माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक काम ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून त्याचे तुकडे निवडण्याच्या टेबलावर होतं. जी नस ब्लॉकमध्येच आली नाही, तिला जगातलं कोणतंही अँटिबॉडी रंगवू शकत नाही.

नमुना ओरिएंट करा, मार्जिनला शाई लावा. ट्युमरचे ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे उभे काप घ्या. दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक, आणि त्यात ट्युमरची खोल कड, म्हणजे ती टिशूत घुसते तो भाग, यायलाच हवी. नसेतली लागण (म्हणजे इन्व्हेजन) या कडेला आणि तिच्यापुढच्या निरोगी वाटणाऱ्या चरबीत व स्नायूत सापडते. वरच्या जखमेचे चार ब्लॉक घेऊन उपयोग नाही.

जबडा असेल तर मेंटल फोरामेन शोधा. खालच्या प्रीमोलर दातांच्या मुळांच्या पातळीला, हाडाच्या बाहेरच्या बाजूला ते छोटं भोक असतं. तिथून निघणारी पांढरी, चिवट दोरीसारखी नस वेगळी ब्लॉक करा. हाड कापलेल्या मागच्या टोकाला इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्हचं तोंड दिसतं. ते डीकॅल्सिफिकेशनच्या (हाडातलं कॅल्शियम काढून ते मऊ करण्याच्या) आधी बारीक चिमट्याने ओढून वेगळं काढा आणि ‘प्रॉक्झिमल नर्व्ह मार्जिन’ म्हणून स्वतंत्र कॅसेटमध्ये ठेवा. नायट्रिक ॲसिडमध्ये दिवसेंदिवस पडलेल्या टिशूत इम्युनोस्टेन फसवा येतो. हाडासकट नस पाहायचीच असेल तर ईडीटीए वापरा. वेळ लागतो, पण प्रथिनं शाबूत राहतात.

एस-१०० कधी लावायचा

आधी एच अँड ई, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा नेहमीचा स्टेन. ती स्लाइड ४एक्सवर पूर्ण फिरा आणि दिसलेल्या प्रत्येक नसेजवळ काचेवर पेनाने ठिपका द्या. नंतर प्रत्येक ठिपक्यावर २०एक्स. एवढं शांतपणे केलं तरी आधी सुटलेल्या बऱ्याच जागा सापडतात. जुन्या स्लाइड मुद्दाम नसेसाठी पुन्हा पाहिल्या की पेरिन्यूरल इन्व्हेजनचं प्रमाण वाढतं आणि एस-१०० लावल्यावर आणखी वाढतं, हे अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासातही दिसलं होतं.

एच अँड ईवर लागण स्पष्ट दिसत असेल तर एस-१०० लावू नका. पेशंटचा पैसा आणि आपलं अँटिबॉडी दोन्ही वाचवा. मी तो या वेळी लावतो: ट्युमरच्या कडेला लिम्फोसाइटांची एवढी दाटी असते की नस ओळखूच येत नाही, घट्ट फायब्रस टिशूत, विशेषतः खर्ऱ्याने आधीच सबम्यूकस फायब्रोसिस झालेल्या गालात, पिळलेली नस आणि कोलॅजनची जुडी सारखीच दिसते, ट्युमर पेशींचं एखादं कडं कशाभोवती तरी बसलंय पण मधे काय आहे ते कळत नाही, किंवा बधिरपणा आहे, पण स्लाइडवर काहीच सापडत नाही. खोल कडेचे एक-दोन ब्लॉक निवडले की पुरतं, सगळ्या ब्लॉकवर स्टेन लावायची गरज नसते.

लॅबमध्ये इम्युनोची सोय नसेल तर निवडलेला ब्लॉक आणि त्याची एच अँड ई नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत ‘एस-१०० करावा’ एवढंच न लिहिता कोणत्या जागेची शंका आहे तेही लिहा.

बाकावरचं काम

ब्लॉक बर्फावर थंड करून ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर घ्या. शेजारचाच सेक्शन एच अँड ईसाठी घ्या, म्हणजे दोन्ही काचा शेजारी ठेवून एकच नस दोन रंगांत पाहता येते. हे फार उपयोगी पडतं. स्लाइड ६० अंशांवर तासभर बेक करा.

झायलीनचे दोन बदल, प्रत्येकी १० मिनिटं. मग ॲब्सोल्यूट, ९० टक्के, ७० टक्के अल्कोहोल, मग पाणी. पॅराफिन पूर्ण निघालं नाही तर स्टेन ठिपक्याठिपक्यांनी येतो, म्हणून जुनं झायलीन चालवत बसू नका.

अँटिजेन रिट्रीव्हलसाठी अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात दिलंय तेच करा. एस-१०० हे तसं दणकट अँटिजेन आहे. सायट्रेट बफर सांगितला असेल तर १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २.९४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट घालून पीएच ६.० करा. घरगुती प्रेशर कुकर चालतो: पूर्ण प्रेशर आल्यावर दोन-तीन मिनिटं, मग गॅस बंद, झाकण निघाल्यावर स्लाइड त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू द्या. गरम स्लाइड थंड पाण्यात टाकली की सेक्शन सुटून तरंगायला लागतो. चरबीवाल्या गालाच्या टिशूत तर हमखास.

मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, टीबीएस बफरने धुणं, प्रोटीन ब्लॉक १० मिनिटं. जादा द्रव झटकून प्रायमरी अँटिबॉडी, पत्रकाप्रमाणे ३० ते ६० मिनिटं. धुणं. पॉलिमर एचआरपी ३० मिनिटं. पुन्हा धुणं. डीएबी साधारण ५ मिनिटं, तेही मायक्रोस्कोपखाली कंट्रोल स्लाइड पाहत. हिमॅटॉक्सिलिन अर्धा ते एक मिनिट, हलकंच, नाहीतर निळ्यात तपकिरी बुडतो. ब्लूइंग, अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स.

आपल्या हवेसाठी दोन गोष्टी. माहितीपत्रकातलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. आपली खोली मे महिन्यात ३८ असते. स्लाइडवरचा थेंब कडेने सुकतो आणि सेक्शनच्या काठाला खोटा तपकिरी पट्टा येतो. स्टीलच्या पसरट डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर काड्या, काड्यांवर स्लाइड, वर घट्ट झाकण, एवढी ओलसर पेटी पुरते. शक्य असेल तर हे काम सकाळी लवकर उरका. दुसरं, पाणी. बोअरचं जड पाणी ब्लूइंगला उत्तम, कारण ते अल्कधर्मी असतं. पण बफर आणि डीएबीसाठी ते वापरू नका, डिस्टिल्डच घ्या.

अँटिबॉडी २ ते ८ अंशांवर. लाइट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची. डीएबी कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, ग्लव्हज घाला आणि उरलेलं नाल्यात न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करा.

प्रत्येक बॅचला कंट्रोल हवाच. बरेच जण श्वॅनोमा (श्वॅन पेशींची साधी गाठ) वापरतात. मला ॲपेंडिक्स जास्त पटतं. श्वॅनोमा इतका गडद रंगतो की अँटिबॉडी कमजोर पडलेलं असलं तरी ‘पॉझिटिव्ह’ दिसतं. ॲपेंडिक्सच्या भिंतीतल्या बारीक नसा रंगल्या तरच आपल्या पेशंटच्या बारीक नसा रंगतील. शिवाय पेशंटच्याच स्लाइडवर आतला कंट्रोल असतो: ट्युमरपासून दूरची नस, वरच्या एपिथेलियममधल्या लँगरहॅन्स पेशी. त्या रंगल्या नसतील तर निकाल द्यायचा नाही, स्टेन पुन्हा करायचा. प्रायमरी न लावलेली एक निगेटिव्ह स्लाइडही ठेवा.

वाचताना

एस-१०० नसेतल्या श्वॅन पेशी रंगवतो, न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्ही. तो ट्युमर रंगवत नाही आणि इन्व्हेजनही रंगवत नाही. तो फक्त ‘नस इथे आहे’ एवढं सांगतो. बाकीचा निर्णय आपल्या डोळ्यांचा.

निरोगी नस आडवी कापली गेली असेल तर गोल तपकिरी गाभा आणि त्याभोवती पेरिन्यूरियमची न रंगलेली पातळ निळसर कड दिसते. लागण झालेल्या नसेत दोन चित्रं येतात. एकात तपकिरी गाभा शाबूत असतो, पण त्याला चिकटून निळ्या ट्युमर पेशींची कोर बसलेली असते, कधी अर्धचंद्र, कधी पूर्ण कडं. दुसऱ्यात तपकिरी गाभाच फाटतो आणि आत निळे पुंजके घुसतात. दुसरं चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. पहिल्यात परीघ मोजा. घड्याळाच्या तबकडीवर चार तासांहून कमी भाग व्यापला असेल आणि आवरणाच्या आत काही नसेल, तर ती लागण नाही.

फसवणाऱ्या गोष्टी ओळखून ठेवा. ट्युमरच्या पुंजक्यांमध्ये फांद्या फुटलेल्या सुट्या तपकिरी पेशी असतात, त्या डेंड्रिटिक पेशी, नसा नव्हेत. लाळग्रंथींच्या मायोएपिथेलियल पेशी आणि चरबीच्या पेशीही एस-१०० घेतात. मेलॅनिन आणि फॉर्मलिन पिगमेंट तपकिरी दिसतात, पण ते निगेटिव्ह स्लाइडवर आणि एच अँड ईवरही असतात. तिथे दिसले म्हणजे डीएबीचा संबंध नाही. ट्युमरने पूर्ण खाल्लेली नस उलट रंगतच नाही किंवा दोन-चार तपकिरी धागे उरतात. तिथे शेजारची एच अँड ई आणि खालचे डीपर कट पाहूनच ठरवा. सोय असेल तर पॅनसायटोकेराटिन लावा, ट्युमर रंगतो आणि नसेशेजारच्या सुट्या पेशी ट्युमरच्या की लिम्फोसाइट, हे सुटतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, टेरिगोमँडिब्युलर भागात, कीविट्झचा अवयव नावाची निरोगी रचना असते. स्क्वॅमससारख्या पेशींचे छोटे गोल पुंजके आणि त्यांना खेटून बारीक नसा. एस-१०० लावला की चित्र हुबेहूब इन्व्हेजनसारखं. पण पेशी एकसारख्या, शांत, मायटोसिस नाही, केराटिनायझेशन नाही, भोवती ट्युमरची रागीट स्ट्रोमाही नाही. रेट्रोमोलर भागाचा नमुना असेल तर ‘आहे’ लिहिण्याआधी हे नाव मनात आणा. कुणाला विनाकारण रेडिएशन मिळणं हीही आपलीच चूक ठरते.

मोजमाप आणि रिपोर्ट

लागण झालेल्या सगळ्यात मोठ्या नसेचा व्यास मोजा. १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या नसेतली लागण जास्त गंभीर धरली जाते. मायक्रोमीटर नसेल तर आयपीसवरचा फील्ड नंबर वापरा: १८ असेल तर १०एक्सला फील्डचा व्यास १.८ मिलिमीटर, ४०एक्सला ०.४५. नस तिरपी कापली असेल तर तिची कमी रुंदीच व्यास म्हणून घ्या.

रिपोर्टमध्ये मी असं लिहितो: ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन आहे, एस-१०० ने खात्री केली, ३ जागी, सर्वांत मोठी नस ०.३ मिमी, ट्युमरच्या मुख्य कडेच्या बाहेर, प्रॉक्झिमल नर्व्ह मार्जिन मोकळी.’ नस ट्युमरच्या आत आहे की बाहेर, हे आवर्जून लिहा, आणि मार्जिनपाशी असेल तर सर्जनला त्याच दिवशी फोन करा. नसेल तर: ‘खोल कडेच्या ४ ब्लॉकमध्ये एच अँड ई व २ ब्लॉकवर एस-१०० करून पाहिलं, आढळलं नाही.’ ब्लॉकमध्ये नसच आली नसेल तर तसं लिहा, ‘नाही’ लिहू नका.

पेशंट रेडिएशनसाठी नागपूरला निघाला की नातेवाईक ब्लॉक आणि स्लाइड मागायला येतात. द्या, पण ब्लॉक कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि वर ब्लॉक नंबर लिहा. उन्हाळ्यात त्यांना तोंडी बजावून सांगा: डबा जीपच्या काचेपाशी किंवा एसटीच्या इंजिनावर ठेवू नका, पाण्याच्या बाटलीसोबत सावलीतल्या पिशवीत ठेवा. मेण ५८ अंशांच्या आसपास वितळतं आणि दुपारी बंद गाडीच्या काचेपाशी तेवढं सहज होतं.